हवेच्या बंदुकीचा घड्याळजी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी हातात घेतलेली आहे. नळी मोडायची, छर्रा घालायचा, एक डोळा मिटायचा आणि फुगा सोडून मागच्या फळीला छर्रा मारायचा! माझी नेमबाजी तिथेच सुरू झाली आणि खरं तर तिथेच संपायला हवी होती. पण सेकंड इयरला एका मित्राच्या नादाने वरळीच्या रेंजवर गेलो. तिथे क्लबच्या रायफलने दहा मीटरवरचं टार्गेट मारून पाहिलं आणि परतीच्या विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून ठरवून टाकलं, की आता स्वतःची रायफल घ्यायची. स्प्रिंगची नको, पीसीपी. म्हणजे जिच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबून हवा भरून ठेवलेली असते ती.

कोणती घ्यावी हे शोधता शोधता मला एक माणूस भेटला. भेटला म्हणजे वाचनात, कारण तो वारला १७९९ साली. बार्तोलोमिओ गिरांडोनी. काही जण त्याला गिरार्डोनी असंही लिहितात. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना जेम्स वॅट जसा, तसा एअर रायफलवाल्यांना हा. याच्यामुळे माझा डावा हात आज जागेवर आहे असं मी म्हणतो तेव्हा रूममेट हसतात. हसू देत.

गिरांडोनीचा जन्म १७४४ चा, आल्प्समधल्या आंपेझो गावातला. चिमाजीअप्पांनी आपला वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आंपेझो त्या काळी ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं; आज ते इटलीत आहे, कोर्तिना दांपेझो नावाने, आणि १९५६ चं हिवाळी ऑलिंपिक तिथेच झालं. गिरांडोनीचा धंदा घड्याळं करण्याचा. बारीक स्प्रिंग, दाते, खटके यांत बोटं मुरलेली. त्या काळात असे कारागीर बंदुकांकडेही वळत, कारण बंदुकीचा खटका म्हणजे तरी काय, एक दणकट घड्याळच.

त्याच्या डोक्यात एकच किडा होता. तेव्हाची बंदूक एका वेळी एक गोळी मारायची. दारू ओता, गोळी गजाने ठोका, चकमकीच्या ठिणगीने पेटवा, आणि परत पहिल्यापासून. चांगला शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. गिरांडोनीला एकापाठोपाठ एक गोळ्या सुटणारी बंदूक हवी होती. आता गंमत अशी, की गोळ्यांबरोबर दारूचाही साठा बंदुकीतच ठेवला, तर एक ठिणगी चुकून मागे गेली की सगळा साठा एकदम पेटणार. अशाच एका प्रयोगात स्फोट झाला आणि त्याचा डावा हात गेला. घड्याळजीचा हात!

इथे जरा थांबून माझी अक्कल सांगतो. पीसीपीत हवा भरायची ती २०० बारपर्यंत. गाडीच्या टायरमध्ये असते दोन-सव्वादोन बार. म्हणजे पंक्चरवाल्याकडे जाऊन काम होणार नाही. त्यासाठी खास हातपंप लागतो, नाहीतर स्कूबा डायव्हिंगवाल्यांची टाकी. दोन्हींच्या किमती ऐकून आमच्या रूमवर जी परिषद भरली तिच्यात एकाने तोड काढली, की आपल्या वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आहे, त्यात भरपूर प्रेशर असतं, तोच जोडू. मला ते पटलं, हे लाज वाटत असली तरी सांगतो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मामांकडे फिटिंगची चौकशी करायला गेलो. मामांनी हातातलं काम ठेवलं आणि मला असं झापलं की अख्खं शॉप ऐकत होतं. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आला की ठिणगीसुद्धा लागत नाही, आपोआप पेट घेतो. म्हणूनच ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावू देत नाहीत. आणि रायफलच्या आत तर ऑइल-ग्रीस असणारच. त्या रात्री गिरांडोनीच्या हाताची गोष्ट मी परत वाचली, जरा सावकाश.

हात गेल्यावर माणूस घरी बसला असता. गिरांडोनी दारू सोडून हवेकडे वळला. हवेची बंदूक ही कल्पना त्याच्या आधीच दोन-अडीचशे वर्षं माहीत होती, राजेरजवाडे शिकारीला वापरत. पण गोळ्यांचा साठा असलेली आणि शिपायाच्या हातात देण्याजोगी बंदूक त्याने केली. नळीच्या उजव्या अंगाला एक लांब पन्हळ, तिच्यात वीसेक शिशाच्या गोळ्या. बंदूक वर तोंड करून धरायची, म्हणजे गोळ्या मागे घरंगळतात. आडवा ठोकळा अंगठ्याने दाबला की एक गोळी त्यात येऊन बसते, सोडला की स्प्रिंग त्याला गोळीसकट परत नळीमागे आणते. खटका ओढला की झडप क्षणभर उघडते आणि हवेचा एक घोट गोळीमागे सुटतो. मिनिटभरात वीस गोळ्या. ना धूर, ना ज्वाळा, आणि पावसात दारू भिजायची भीतीही नाही.

हवा कुठे होती? दस्त्यात! बंदुकीचा दस्ता म्हणजेच लोखंडी पत्र्याची पोकळ टाकी, रिव्हेट मारून आणि झाळून बंद केलेली, आटे फिरवून वेगळी होणारी. दाब साधारण ५५ बार. आपण एसओएमच्या पेपरात सिलिंडरच्या भिंतीवरचा ताण काढतो ना, तो या पत्र्याला लावून बघा. वेल्डिंग नाही, रबराचे वॉशर नाहीत, कातड्याच्या चकत्या ओल्या ठेवून गळती थांबवायची. त्या काळात हे एका हाताच्या माणसाने करून दाखवलं, याला मी तरी साष्टांग नमस्कार घालतो.

१७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने ही बंदूक स्वीकारली. (त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांच्या गोडार्डने वसईचा किल्ला मराठ्यांकडून घेतला.) सम्राट दुसरा जोसेफ याचा पाठिंबा होता. गिरांडोनी व्हिएन्नाजवळच्या पेन्झिंगला राहून बंदुका करू लागला. हजार-दीड हजारांच्या आसपास झाल्या असाव्यात. तुर्कांशी १७८८ ते १७९१ झालेल्या युद्धात त्या वापरल्याही गेल्या.

आणि तिथेच घोडं अडलं. बंदूक उत्तम, पण हवा? एक टाकी भरायला हातपंपाचे सुमारे १५०० दट्टे. म्हणून शिपायाजवळ जादा भरलेल्या टाक्या द्यायच्या आणि मागून मोठे पंप लादलेल्या गाड्या न्यायच्या. टाक्या गळायच्या, प्रवासात ठेचकाळायच्या, दुरुस्तीला साधा लोहार चालायचा नाही. शिवाय प्रत्येक गोळीबरोबर दाब उतरत जायचा, त्यामुळे नंतरच्या गोळ्या खाली पडायच्या आणि शिपायाला नेम वर वर धरावा लागायचा. १७९० ला सम्राट जोसेफ वारला. हळूहळू सैन्याने त्या बंदुका बाजूला ठेवल्या. गिरांडोनी १७९९ ला पेन्झिंगमध्येच गेला, वयाच्या ५४ व्या वर्षी.

माझं मत विचाराल तर गिरांडोनी हरला नाही, त्याच्या हवेचा बंदोबस्त हरला. हे लक्षात आल्यावर माझी रायफल शोधायची पद्धतच बदलली. आधी मी वजन, रंग, कुठल्या चॅम्पियनकडे कोणती आहे एवढंच बघत होतो. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण मिळवलं, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत विश्वविजेता झाला. मग त्यांच्यासारखी रायफल हवी! पण दहा मीटरवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे प्रत्येक छर्रा सारख्या वेगाने सुटायला हवा, आणि ते काम रेग्युलेटरचं. सिलिंडरमध्ये २०० बार असो की १००, तो पुढे ठरलेला एकच दाब सोडतो. गिरांडोनीला मिळाली नाही ती वस्तू हीच. रेग्युलेटर धड नसेल तर सगळ्यात महागडी रायफलही शेवटी फुग्याची बंदूक.

नवी मॅच रायफल लाखांच्या घरात, तेव्हा जुनीच बघणं आलं. एक फार स्वस्तात मिळत होती. दिसायला देखणी, लाकूड नवं पॉलिश केलेलं. मी दस्त्याकडे न बघता सिलिंडर काढून त्यावरची तारीख वाचली. अशा सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून दहा वर्षं धरतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. याची मुदत केव्हाच टळली होती. विकणाऱ्याचं म्हणणं, की सगळे असेच वापरतात, काही होत नाही. गालाशेजारी २०० बार घेऊन उभं राहायचं आणि काही होत नाही म्हणायचं! मी आलो परत. पुढे चार महिने क्लबच्याच रायफलवर काढले. मग क्लबमधल्या एका ताईंनी त्यांची जुनी दिली. रंग उडालेला, पण सिलिंडरला चार वर्षं शिल्लक आणि रेग्युलेटर शाबूत. बाबांना रंगाचं वाईट वाटलं. (विचारतात म्हणून सांगतो: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मि.मी. आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण घेताना ओळखीचे कागद लागतात. हॉस्टेलवर ठेवायला रेक्टर सरांनी साफ नकार दिला, आणि बरोबरच आहे. ती क्लबच्या कपाटात असते.)

गिरांडोनीच्या बंदुकीची शेवटची फेरी मात्र त्याच्या मरणानंतर झाली, तीही अमेरिकेत. १८०३ ला मेरिवेदर लुईस पश्चिमेकडच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर हवेची एक बंदूक होती, आणि ती याच बनावटीची असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. निघाला त्याच दिवशी ओहायो नदीतल्या एका बेटावर त्याने ती लोकांना दाखवली. बघ्यातल्या एकाच्या हातून ती चुकून सुटली आणि चाळीसेक यार्डांवरच्या एका बाईच्या कानशिलाला चाटून गोळी गेली. बाई वाचली. पुढे दोन-तीन वर्षं लुईस वाटेतल्या जमातींना ती बंदूक मुद्दाम उडवून दाखवायचा. दारू नाही, धूर नाही आणि गोळी सुटतेय, हे बघून लोक थक्क व्हायचे. किती टाक्या भरल्यात हे अर्थातच तो सांगत नसणार!

हातपंप शेवटी आम्ही तिघांनी वर्गणी काढून घेतला. पावसाळ्यात आपल्याकडची हवा म्हणजे अर्धं पाणीच, त्यामुळे पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावावा लागतो आणि पंप तापला की थांबावं लागतं. पहिल्यांदा रिकामा सिलिंडर भरला तेव्हा एक जण दट्टे मारत होता, एक मोजत होता. शेवटचे पन्नास बार तर सगळं अंग पंपावर टाकल्याशिवाय उतरत नाहीत. तिघांचे शर्ट घामाने चिंब, आणि काटा दोनशेवर पोचायच्या आत मोजणारा आकडा विसरला.