९३ घरं बदलली, तीसेक नावं बदलली, पण ८८ व्या वर्षीही होकुसाई ड्रॅगन काढायची प्रॅक्टिस करत होता

निळीशार उसळलेली लाट, तिच्या खाली सापडलेल्या होड्या आणि लांबवर दिसणारा चिमुकला फुजी पर्वत. हे चित्र तुम्ही टी-शर्टवर, मोबाईल कव्हरवर, कॅफेच्या भिंतीवर शंभर टक्के पाहिलंय. २०२४ मध्ये जपानने १००० येनची नवी नोट काढली, तिच्यावरही हीच लाट आहे.

ती काढणारा माणूस म्हणजे कात्सुशिका होकुसाई. लाट काढली तेव्हा त्याचं वय सत्तरच्या घरात होतं. आणि गंमत म्हणजे, आपल्याला अजून नीट चित्र काढता येत नाही असं त्याला तेव्हाही वाटत होतं.

तर गोष्ट सुरू होते १७६० साली, एदो शहरात. एदो म्हणजे आजचं टोकियो. जपानी पंचांगात बारा प्राण्यांची बारा वर्षं असतात. होकुसाई जन्मला ते वर्ष नेमकं ड्रॅगनचं होतं. हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून दिसेल ते कागदावर उतरवायचा. चौदा-पंधराव्या वर्षी तो लाकडी ठसे कोरायचं काम शिकला. त्या काळी चित्रं लाकडावर कोरून छापली जायची. पुढे अठरा-एकोणीसचा असताना कात्सुकावा शुनशो या नामांकित चित्रकाराकडे तो शिकायला राहिला. तिथे नाटकातल्या नटांची चित्रं काढली. पण एकाच घराण्याची शैली गिरवत बसणं त्याला जमलं नाही. जपानी, चिनी, युरोपियन, जिथून जे शिकता येईल ते त्याने उचललं.

शैली बदलली की तो नावही बदलायचा. आयुष्यभरात त्याने तीसच्या वर नावं घेतली. घरं तर ९३ वेळा बदलली असं सांगतात.

१८१२ साली त्याने चित्रकला शिकवणारं एक पुस्तक काढलं. त्यात वर्तुळं आणि सरळ रेषा जोडून प्राणी-पक्षी कसे उभे करायचे हे दाखवलं होतं. म्हणजे आज यूट्यूबवर जे ट्यूटोरियल आपण बघतो, तेच तो दोनशे वर्षांपूर्वी कागदावर देत होता. १८१४ पासून त्याच्या 'मांगा' नावाच्या स्केचबुकचे भाग यायला लागले. माणसं, मासे, साप, किडे, भुतं, लाटा, सगळं त्यात होतं. एकूण १५ भाग निघाले, त्यातले शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर.

आता ड्रॅगनकडे येऊ.

ड्रॅगन काढणं अवघड का? कारण समोर बसवायला ड्रॅगन मिळत नाही. त्यात जपानी ड्रॅगन म्हणजे सिनेमात दिसणारा पंखवाला, आग ओकणारा प्राणी नव्हे. तो पाण्याचा आणि पावसाचा देव. ढगात राहतो, पंखांशिवाय उडतो. परंपरेनुसार त्याचं अंग सापाचं, खवले माशाचे, शिंगं हरणाची आणि नख्या गरुडाच्या. म्हणजे ज्याचा हात साप, मासा, हरीण आणि गरुड यांच्यावर बसलाय, त्यालाच ड्रॅगन जिवंत करता येणार. होकुसाईची सगळी हयात याच गोष्टी गिरवण्यात गेली होती.

पण आयुष्य काही सोपं नव्हतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला, दुसरी बायको गेली, नातवाने करून ठेवलेली देणी अंगावर पडली. तरीही त्यानंतरच फुजी पर्वताची ती जगप्रसिद्ध मालिका आली. मालिकेचं नाव छत्तीस दृश्यांचं, पण खपली इतकी की चित्रं झाली ४६.

१८३४ मध्ये फुजीवरच्या पुढच्या पुस्तकात त्याने आपला हिशोबच मांडला. सत्तरीच्या आधी काढलेलं काही जमेस धरू नका, ऐंशीत थोडी प्रगती होईल, शंभरीत काहीतरी अद्भुत घडेल, असा त्याचा सूर होता. याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात फुजीसमोरून वर झेपावणारा एक ड्रॅगन आहे.

१८३९ मध्ये घराला आग लागली आणि साठवलेली रेखाटनं जळून गेली. वय ७९. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. हा थांबला नाही. १८४२-४३ मध्ये त्याने रोज सकाळी एक सिंह काढायचा नेम धरला. पुराणातला जपानी सिंह, अरिष्ट टळावं म्हणून. त्यातली दोनशेहून जास्त चित्रं आजही शिल्लक आहेत.

मग ओबुसे नावाच्या गावातल्या ताकाई कोझान या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याला बोलावलं. ऐंशी ओलांडलेला होकुसाई एदोहून डोंगर पार करत तिथे गेला आणि १८४४ मध्ये गावच्या उत्सवाच्या रथाच्या छतावर ड्रॅगन आणि फिनिक्स रंगवले. ते आजही ओबुसेत बघायला मिळतात.

या सगळ्या काळात सोबत होती मुलगी ओई. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती बापाकडे परत आली होती. ती स्वतः तयारीची चित्रकार. शेवटच्या काही चित्रांत तिचाही हात असावा असं अभ्यासकांना वाटतं.

१८४९ उजाडलं. वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, पंचांगातला ड्रॅगनचा दिवस बघून होकुसाईने रेशमावर एक चित्र काढलं. पांढराशुभ्र, शांत फुजी. त्याच्या मागून आभाळात चढत गेलेला काळा धूर. आणि त्या धुरात वर वर निघालेला एक छोटासा ड्रॅगन. आपण ड्रॅगनच्या वर्षी जन्मलो हेही त्याने चित्रावर लिहून ठेवलं. शिक्का मारला तो 'शंभर' या अक्षराचा. गाठायचं होतं तेच वय.

त्यानंतर काही महिन्यांतच, १० मे १८४९ रोजी तो गेला. आपल्या हिशोबाने ८८ वर्षांचा, जपानी मोजणीने ९० चा. मरताना त्याने अजून पाच-दहा वर्षं मागितली होती असं सांगतात. कशासाठी? तर खरा चित्रकार होता यावं म्हणून.

फुजीवरून निघालेला तो ड्रॅगन आज ओबुसेच्या होकुसाई संग्रहालयात आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला ड्रॅगन आणि हा ड्रॅगन शेजारी ठेवून बघा. आधीचा खवल्याखवल्याने भरलेला, पानभर पसरलेला. नंतरचा अगदी लहान, पण नजर त्याच्यावरून हटत नाही.

चार दिवस स्केचबुक उघडलं आणि आपल्याला काही जमत नाही म्हणून कपाटात टाकलं असेल, तर ते परत बाहेर काढायला हरकत नाही. होकुसाईच्या हिशोबाने तुमची अजून सुरुवातही झालेली नाही.