खोल सागरातील अन्नाचे कोडे आणि वायव्हिल थॉमसन

समुद्रात तीनशे वाव, म्हणजे सुमारे ५५० मीटर, खोलीच्या पलीकडे जीवसृष्टी नसावी, असा तर्क एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये मांडला. तो अनेकांना पटला. जिथे सूर्यप्रकाश नाही तिथे वनस्पती नाहीत आणि वनस्पती नाहीत तिथे प्राणी खाणार काय? हा समज मोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते सर चार्ल्स वायव्हिल थॉमसन पुढे आयुष्यभर याच प्रश्नाशी झुंजले.

थॉमसन यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी स्कॉटलंडमधील लिनलिथगोजवळच्या बॉनसाइड येथे झाला. एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू असताना प्रकृतीने साथ दिली नाही. ते निसर्गविज्ञानाकडे वळले आणि अॅबर्डीन, कॉर्क व बेलफास्ट येथे अध्यापन करू लागले. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ मायकेल सार्स यांच्या संग्रहात त्यांनी लोफोटेन बेटांजवळच्या खोल पाण्यातून वर आलेला, देठावर उभा राहणारा, फुलासारखा एक प्राणी पाहिला. त्याचे जवळचे नातलग तोवर प्रामुख्याने जीवाश्मांच्या रूपातच माहीत होते. थॉमसन यांची जिज्ञासा चाळवली.

विल्यम कार्पेंटर यांच्या साथीने त्यांनी रॉयल सोसायटी आणि ब्रिटिश नौदलाला राजी केले. १८६८ मध्ये 'लाइटनिंग' आणि १८६९ मध्ये 'पॉर्क्युपाइन' या जहाजांवरून तळ खरवडण्यात आला. बिस्केच्या उपसागरात २,४३५ वाव, म्हणजे जवळपास ४,४५० मीटर, खोलीवरूनही प्राणी वर आले. जीवन होते, यात शंका उरली नाही. आता प्रश्न होता तो त्याच्या अन्नाचा.

त्याचे एक उत्तर तेव्हा तयार होते. तळाच्या चिखलात 'बॅथिबियस' नावाचा सजीव चिकट पदार्थ पसरलेला आहे, असे थॉमस हक्स्ले यांनी १८६८ मध्ये जाहीर केले होते. थॉमसन यांनाही ते पटले होते. २१ डिसेंबर १८७२ रोजी 'चॅलेंजर' हे जहाज पोर्ट्समथहून निघाले, तेव्हा त्यावरील बहुतेक तोफा उतरवून प्रयोगशाळा थाटण्यात आल्या होत्या आणि वैज्ञानिक पथकाचे नेतृत्व थॉमसन यांच्याकडे होते. मात्र तळाच्या ताज्या गाळात बॅथिबियस सापडेना. जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ जॉन बुकॅनन यांनी दाखवून दिले, की नमुने टिकवण्यासाठी घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्रजलातील कॅल्शियम सल्फेटचा साका तयार होतो आणि तोच हा 'जीव'. थॉमसन यांनी १८७५ मध्ये हक्स्ले यांना तसे कळवले. हक्स्ले यांनीही आपले मत मागे घेतले.

दुसरी दुरुस्तीही याच प्रवासातली. तळावर ज्यांच्या कवचांचे थर साचतात ते ग्लोबिजेरिना हे सूक्ष्मजीव तळावरच राहतात, असे थॉमसन मानत. सहकारी जॉन मरे यांच्या जाळ्यात ते वरच्या पाण्यात जिवंत सापडले. थॉमसन यांनी आपला आग्रह सोडला. वरून सतत पडणाऱ्या मृत जीवांच्या वर्षावावर खोल सागर जगतो, हे चित्र त्यातून स्पष्ट होत गेले.

आज या वर्षावाला 'सागरी हिम' म्हणतात. हे अन्न तुटपुंजे आणि अनियमित असते. म्हणून खोल पाण्यातील अनेक चिमुकले कवचधारी प्राणी मेणासारख्या मेदाची शिदोरी अंगात साठवतात. ती उपासमारीत उपयोगी पडते आणि पाण्यात तरंगत राहण्यासही साहाय्य करते. खोल सागरातील अनेक शार्कचे यकृत तेलाने भरलेले असते. त्या तेलातील पाण्याहून हलका असा स्क्वालीन हा पदार्थ जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी १९०६ मध्ये शोधला. तर १९७७ मध्ये गालापागोसजवळ तळावरील उष्ण झऱ्यांभोवती, रसायनांपासून अन्न तयार करणाऱ्या जिवाणूंवर पोसलेली वसाहत आढळली. अन्न फक्त वरूनच येते, हा नियमही पूर्ण नव्हता.

साडेतीन वर्षांनी, २४ मे १८७६ रोजी, 'चॅलेंजर' परतले. थॉमसन यांना 'सर' हा किताब मिळाला. मात्र नमुन्यांची वाटणी, अहवालांची छपाई आणि खर्चावरून सरकारी खात्यांशी चाललेले वाद यांत त्यांची प्रकृती पुरती ढासळली. १८७९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. १० मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, बॉनसाइड येथेच त्यांचे निधन झाले. तोवर अहवालाचे मोजकेच खंड प्रसिद्ध झाले होते. उरलेले काम मरे यांनी हाती घेतले आणि १८९५ मध्ये ५० खंडांचा तो प्रचंड अहवाल पूर्ण झाला. आधुनिक सागरविज्ञानाची पायाभरणी त्यानेच केली, असे मानले जाते.