सेप्टिमा क्लार्क : प्रौढांच्या हाती पाटी देणारी माउली

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची दास्यातून सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या उपासक-उपासिकांना ठाऊकच आहे. पण सुटलेल्या त्या गुलामांच्या लेकरांचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क या शिक्षिकेचे चरित्र निवडले आहे.

सेप्टिमाबाईंचा जन्म ३ मे १८९८ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात झाला. वडील पीटर हे जन्माने गुलाम. आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. अशा घरातली ही मुलगी १९१६ साली शिक्षिका होण्याची परीक्षा पास झाली. पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नोकरीच मिळत नसे; काळ्या मुलांनाही गोरेच शिकवीत. मग बाई समुद्राकाठच्या जॉन्स बेटावर गेल्या. तिथे दोन शिक्षिका आणि मुले १३२! बाईंना मुख्याध्यापिका म्हणून महिना ३५ डॉलर. रस्त्यापलीकडे गोऱ्यांची शाळा होती. तिथे मुले तीन आणि बाईंना पगार ८५ डॉलर. हिशोब आपला आपण करावा.

दिवसा पोरे आणि रात्री त्यांचे आईबाप, असा बाईंचा क्रम सुरू झाला. बेटावरची माणसे गल्ला बोली बोलत. पुस्तकातले इंग्रजी त्यांना परकेच वाटे. त्यांना आपल्या मंडळाच्या सभेत उभे राहून चार शब्द बोलायचे होते, कागदावर लिहिलेले वाचायचे होते. या रात्रीच्या शिकवणीचे पैसे कुणी देत नव्हते. प्रौढ माणूस शिकतो तो आपल्या गरजेपोटी, ही खूणगाठ बाईंनी तिथेच बांधली असावी, असे आम्हाला वाटते.

पुढे लग्न झाले. पहिले मूल तान्हेपणीच गेले आणि १९२५ साली पतीही गेले. पदरी एक मुलगा. बाईंनी नोकरी करता करता १९४२ साली बी. ए. आणि १९४६ साली एम. ए. केले. मधल्या काळात लष्कराच्या छावणीत निरक्षर सैनिकांना सही करायला, बसची पाटी वाचायला शिकवले. काळ्या-गोऱ्या शिक्षकांना सारखा पगार मिळावा म्हणून झालेल्या लढ्यातही त्या होत्या.

१९५६ साली दक्षिण कॅरोलिनात कायदा झाला की, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत राहू शकणार नाही. बाईंनी सभासदत्व लपवले नाही. ४० वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. वय ५८. त्यांनी ७२६ काळ्या शिक्षकांना पत्रे लिहून या कायद्याविरुद्ध उभे राहण्याची विनंती केली. उत्तरे आली २६. त्यांच्याच भगिनीमंडळाने त्यांचा सत्कार केला, पण त्यांच्याबरोबर फोटो काढून घ्यायला बायका घाबरल्या, नोकरी जाईल म्हणून. आपल्यातल्या नोकरदारांना यात काही ओळखीचे दिसले तर आमचा इलाज नाही.

टेनेसी राज्यात मायल्स हॉर्टन यांनी १९३२ साली काढलेली हायलँडर ही लोकशाळा होती. काळे-गोरे तिथे एका पंगतीत जेवत. या शाळेने बाईंना कामावर घेतले. जॉन्स बेटावर एसाव जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवून मजुरांना शहरात कामाला नेत. अॅलिस वाइन या बाईने त्यांना एके दिवशी विचारले, मला मत द्यायचे आहे, वाचायला कोण शिकवील? त्या काळी मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतला भाग वाचून दाखवावा लागे. गोऱ्यांनी काळ्यांना बाहेर ठेवायला घातलेले ते कुंपणच. अॅलिसबाईंनी तो भाग बसमध्ये ऐकून ऐकून तोंडपाठ केला आणि नाव नोंदवले! पण पाठांतर म्हणजे वाचणे नव्हे, हे त्यांनाही कळत होते.

तेव्हा ७ जानेवारी १९५७ रोजी पहिला नागरिकत्व वर्ग भरला. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, गोऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून. शिकवायला मुद्दामच पेशाने शिक्षक नको होता. बाईंनी आपली नातलग बर्निस रॉबिन्सन हिला पुढे केले. ती बायकांचे केस करी, शिवणकाम करी. गिऱ्हाईक सगळे काळे, त्यामुळे तिची रोजी हिसकावून घेणे कुणा गोऱ्याच्या हातात नव्हते. केवढी दूरदृष्टी ही!

बर्निसने पहिल्या रात्री लहान मुलांची पुस्तके नेली होती. ती लगेच बाजूला ठेवली. १४ जण समोर बसलेले. तिने त्यांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचेय? कुणाला आपले नाव लिहायचे होते, कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. मग पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव लिहून दिले. नांगराच्या मुठीला सरावलेला हात त्या अक्षरांवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा, असे करता करता सही यायची. गणित खताचे आणि कुंपणाच्या तारेचे. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला. शेवटी तो वाचता यावा, हे ध्येय. आठवड्यातून दोन रात्री आणि तेही शेतीची कामे कमी असतात त्या दिवसांत.

एका वर्गाचे अनेक झाले. १९५९ साली हायलँडरवर पोलिसांची धाड पडली, आणि थेंबभरही दारू न पिणाऱ्या बाईंना दारूच्या आरोपाखाली पकडले. १९६१ साली हे काम डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे आले. जॉर्जियातील डॉर्चेस्टर येथे गावोगावची माणसे येत. मोठ्याने नीट वाचता यावे आणि फळ्यावर स्वच्छ लिहिता यावे, एवढीच शिक्षकाची पात्रता. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीची शेतमजूर बाई इथलीच. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने वाचनाच्या परीक्षांचे ते कुंपण मोडले, पण तोवर हजारो प्रौढ अक्षरे गिरवून यादीत शिरले होते.

संघटनेतले पुरुष मात्र बाईंचे फारसे ऐकत नसत. सगळे मोर्चे स्वतःच काढू नका, इतरांना पुढे येऊ द्या, असे पत्र त्यांनी डॉ. किंग यांना लिहिले, तर कार्यालयातली मंडळी हसली. बाईंचा डॉ. किंग यांच्याविषयीचा आदर त्याने कमी झाला नाही, पण ही गोष्ट त्यांनी लपवूनही ठेवली नाही.

१९७० साली त्या निवृत्त झाल्या. ज्या चार्ल्स्टनने त्यांना नोकरीवरून काढले, तिथल्याच शालेय मंडळावर १९७५ साली त्या निवडून आल्या, आणि १९७६ साली बुडालेली पेन्शनही सुरू झाली. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. १५ डिसेंबर १९८७ रोजी जॉन्स बेटावरच त्यांचे निधन झाले.