हृदयपालटाची किंमत

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड व गोंदिया ही स्थानके मागे टाकीत राजनांदगावास पोहोचते. या मार्गाने आपल्या जिल्ह्यातील कितीतरी लोक नित्य ये-जा करतात. परंतु मराठी वाङ्मयाच्या व धर्मविचाराच्या इतिहासातील एका विलक्षण स्थित्यंतराचा आरंभ याच लोहमार्गावर झाला, याचे स्मरण फार थोड्यांना असेल. १८९३ च्या सुमारास नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांची गाठ गाडीत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाशी पडली. काव्यापासून धर्मापर्यंत बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने 'नव्या करारा'ची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही. दिलेल्या शब्दाखातर पुस्तक वाचावे, इतकाच त्यांचा हेतू होता.

१८६१ साली कोकणातील करजगाव येथे जन्मलेले टिळक चित्पावन ब्राह्मण होते. संस्कृतचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. नागपुरात असताना 'ऋषि' नावाचे धर्मविषयक मासिक ते चालवीत. मात्र जातिभेदाने पोखरलेल्या समाजाचा उद्धार कोणत्या धर्माने होईल, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. सर्वांचा पिता असा एक ईश्वर व सर्व माणसे परस्परांची भावंडे, अशा तत्त्वांवर नवा धर्म उभारण्याचे मनोरथ ते रचीत होते. वाचता वाचता ते ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनापाशी आले आणि तेथे खिळून राहिले. आपण जे शोधीत होतो ते येथे आहे, अशी त्यांची खात्री पटली.

बुद्धीला पटणे निराळे आणि पटलेल्याची किंमत मोजणे निराळे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांची चार वर्षांहून अधिक काळ ताटातूट झाली. आपल्या सत्यशोधनासाठी पत्नीला एवढे दुःख देण्याचा टिळकांना काय अधिकार होता, असा प्रश्न आजही वाचकाच्या मनात येतो आणि तो रास्तच आहे. चरित्रनायकाविषयीच्या आदरापोटी तो टाळता कामा नये.

या प्रश्नाला काही उत्तर असेल, तर ते लक्ष्मीबाईंच्याच जीवनात आहे. त्या पुन्हा पतीकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. त्यांचे सोवळेओवळे कडक होते. पण माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने निर्मिलेली नाही, हा विचार त्यांना स्वतःच्याच अनुभवातून सुचला आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या अंतरीच्या पालटानंतर. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या स्त्रीने पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून मराठी आत्मचरित्रास अमोल देणगी दिली. त्यात पतीच्या लहरी व उणिवाही त्यांनी हसतखेळत सांगितल्या आहेत.

टिळकांचा पालटही बाप्तिस्म्याने पूर्ण झाला नव्हता. धर्म बदलला म्हणून त्यांनी देश किंवा भाषा टाकली नाही. तुकोबांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग व कीर्तन आणले आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अखेरीस १९१७ मध्ये मिशनचे वेतन व आश्रय सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. पण ज्याने मिळालेला आधारही दूर सारला, त्याचा धर्मपालट लाभासाठी होता असे कोणास म्हणता येणार नाही.

आज धर्मांतराचा विषय निघताच आपण आकडे मोजू लागतो. कोण आले, कोण गेले, याचा जमाखर्च मांडतो. टिळक दांपत्याचे जीवन निराळी कसोटी सुचविते. माणसाने नाव कोणत्या वहीत लिहिले याहून त्याचा अहंकार किती गळाला, शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहण्याची त्याची दृष्टी किती बदलली, हे महत्त्वाचे. ही कसोटी ख्रिस्ती माणसास लागू आहे, तशीच हिंदू, बौद्ध व मुसलमान माणसासही लागू आहे. वैनगंगा ओलांडणाऱ्या त्या गाडीत पुस्तक देणारा व घेणारा यांचे मत एक नव्हते. तरीही दोघांनी एकमेकांचे ऐकून घेतले. हृदयपालट पुढची गोष्ट. निदान तेवढे सौजन्य तरी आपल्या प्रवासात असावे.