माळावर वसलेले गाव

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. पूर्वी या स्थानकास कुंडल रोड असे म्हणत. १९१० सालापूर्वी तेथे उतरणाऱ्या प्रवाशास निवडुंगाने भरलेला ओसाड माळ तेवढा दिसे. त्या माळावर कारखाना उभारून त्याच्या भोवती एक टुमदार गाव वसविणारे थोर उद्योजक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. बालपणापासून त्यांना चित्रे आणि यंत्रे या दोहोंची मोठी आवड होती. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले; परंतु आपल्याला काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे लवकरच त्यांच्या ध्यानी आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर हा मोठाच आघात होता. तथापि लक्ष्मणराव खचले नाहीत. यंत्रांच्या रेखाचित्रांत रंगांवाचून काही अडत नाही, हे जाणून त्यांनी त्या विद्येचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते तोच विषय शिकवू लागले.

त्या काळी सायकल हे वाहन आपल्याकडे नवेच होते. लोक तिला कौतुकाने पायगाडी म्हणत. तिला ना दाणावैरण लागे, ना कोळसा. बसणाऱ्याच्या पायांतील बळ हेच तिचे इंधन. १८८८ साली लक्ष्मणरावांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, आणि रामूअण्णा त्या विकून लोकांना चालविण्यासही शिकवीत. बेळगावातील त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड असेच नाव आहे.

पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास आले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे आरंभी नांगरास गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांना नांगराचा गुण पटला आणि मागणी वाढू लागली.

व्यवसायाचा जम बसत असतानाच एक मोठे संकट उभे राहिले. नगराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी असल्याने तेथून हलण्याचा हुकूम बेळगावच्या नगरपालिकेने दिला. भट्ट्या, यंत्रे, अर्धे घडलेले नांगर आणि कारखान्यावर पोट असलेली कुटुंबे घेऊन जावे तरी कोठे? जागा नाही आणि हाती पुरेसा पैसाही नाही, अशा पेचात लक्ष्मणराव सापडले.

ही वार्ता औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना कळली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांच्या गुणांची त्यांना चांगली पारख होती. त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढण्यासाठी लक्ष्मणरावांना पाचारण केले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये त्यांनी देऊ केले. औंध हे काही मोठे संस्थान नव्हते, आणि त्या काळी ही रक्कमही थोडी नव्हती. कारखाना बुडाला असता, तर प्रजेचा पैसा वाया घालविल्याचा दोष राजावर आला असता. तरीही बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांवर विश्वास टाकला.

जमीन नापीक होती. तेथे निवडुंग माजला होता, सापांचे भय होते आणि पाण्याचे दुर्भिक्षही होते. परंतु त्या माळाजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे लोहमार्ग. सरकारच्या हमीवर भांडवल उभारून सदर्न मराठा रेल्वे कंपनीने तो बांधला होता. नांगरांच्या कारखान्यास लोखंड व कोळसा दुरून आणावा लागतो, आणि तयार झालेले जड नांगर पुन्हा दूरच्या शेतकऱ्यांकडे पाठवावे लागतात. बैलगाड्यांनी हे काम करावयाचे म्हटले, तर दिवसांमागून दिवस जावयाचे आणि मालाच्या किमतीइतकाच खर्च वाहतुकीवर व्हावयाचा. मालगाडीचा एक डबा मात्र अनेक बैलगाड्यांचे ओझे एकाच वेळी वाहून नेतो. म्हणूनच तो उजाड माळ लक्ष्मणरावांना मोलाचा वाटला.

१९१० साली सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह लक्ष्मणरावांनी त्या माळावर पाऊल ठेवले. सर्वांनी मिळून निवडुंग तोडला, जमीन सपाट केली आणि भट्ट्या पेटविल्या. कारखान्याबरोबरच घरेही उभी राहिली. कारखाना, घरे आणि स्थानक यांत अंतर थोडे असल्याने कामगार पायीच कामावर जात. जातिभेद व अस्पृश्यता यांना या नव्या गावात थारा मिळू नये, याविषयी लक्ष्मणराव दक्ष असत. पाहता पाहता ओसाड माळाचे किर्लोस्करवाडीत रूपांतर झाले, आणि तेथे तयार झालेले नांगर व पुढे पंपही देशभर जाऊ लागले.

एका हाताने टाळी वाजत नाही, असे म्हणतात. राजाने जमीन व पैसा दिला. पण उद्योजकाची बुद्धी नसती, तर ती जमीन पडीकच राहिली असती. लक्ष्मणरावांपाशी बुद्धी व जिद्द होती. पण राजाने हात दिला नसता, तर त्यांना उभे राहण्यास जागा मिळाली नसती. आणि लोहमार्ग नसता, तर दोघांचेही श्रम अपुरे पडले असते. शासन आणि खाजगी उद्योग यांच्या भागीदारीविषयी आज सर्वत्र बोलले जाते. घर, काम आणि स्थानक जवळजवळ असावे, म्हणजे वेळ, पैसा व इंधन वाचते आणि हवाही स्वच्छ राहते, असे आजचे नगररचनाकार आग्रहाने सांगतात. किर्लोस्करवाडीच्या माळावर या दोन्ही गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच घडून आल्या होत्या.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. औंध संस्थान १९४८ सालीच विलीन झाले होते. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या स्थानकावर आजही गाड्या थांबतात आणि फलाटावरील पाटीवर त्यांचेच नाव दिसते. एका दाराने बाहेर काढलेल्या माणसास दुसऱ्याने आपले दार उघडले, म्हणूनच त्या माळावर एक गाव उभे राहिले, याची ती पाटी साक्ष देत आहे.