पगारपत्रकातील एक ओळ

बँकेत लागल्यावर पहिल्या पगारपत्रकात एक कपात दिसली : व्यवसाय कर. रक्कम किरकोळ होती, तरी मी कुरकुरलो. हे पैसे जातात कुठे, ते दोनेक वर्षांनी बदलीच्या गावी कळले. त्यामागे वि. स. पागे नावाचा माणूस होता.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणीचा. शिक्षण वकिलीचे, ओढ स्वातंत्र्यलढ्याची आणि व्यासंग संतवाङ्मयाचा. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. एवढी वर्षे मानाच्या आसनावर बसलेल्या या माणसाचे लक्ष मात्र सुगी संपल्यावर रिकाम्या बसणाऱ्या भूमिहीन मजुराकडे होते. त्याला भीक नको, काम हवे आणि ते मागण्याचा हक्क हवा, एवढाच त्यांचा विचार. १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी त्याला पाठबळ दिले.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाऊस पडला की अशी कामे बंद होतात, हा रिवाज. पण गरिबाची नड पावसाबरोबर संपत नाही. पागे यांची योजना टिकली ती या जाणिवेमुळे. १९७५ मध्ये नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसला. त्यात सरकारने आपला वाटा घालायचा, असे ठरले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा.

या योजनेचे मोल मला माझ्या टेबलावर उमगले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरीब कोण, हे याद्या ठरवत. यादीत नाव असेल त्याला म्हशीचे कर्ज मिळे, नसेल तो दारातून परत जाई. रोजगार हमीत यादीच नव्हती. जो उन्हात माती उचलायला तयार, तो गरजू. तारण नको, जामीन नको, कुणाची चिठ्ठी नको.

आमच्याकडच्या एका विधवा कर्जदार बाईंची म्हैस वर्षभरात मेली. वसुलीला जाताना माझे पाय जड झाले होते. पण हप्त्याच्या दिवशी त्या स्वतःच आल्या आणि पदराच्या गाठीतून नोटा काढल्या. पाझर तलावाच्या कामावर जाते, असे त्यांनी सांगितले. थोरली शाळेत होती, तिला कामावर नेत नव्हत्या, हेही अभिमानाने सांगितले. त्या दिवसापासून पगारपत्रकातील त्या ओळीबद्दल मी कुरकुरलो नाही.

योजनेत दोष होते. हजेरीपटावर खोटी नावे चढत, मजुरी रखडे, कामे अर्धवट पडत. खडी फोडून कुणी श्रीमंत झाले नाही. पण घरातली बाई स्वतःच्या नावावर मजुरी घेऊ लागली, आणि मालकाच्या दारी पडेल त्या दराने राबण्याखेरीज तिला दुसरा रस्ता मिळाला. शेतमजुराच्या घरात ही लहान गोष्ट नव्हे.

पागे १९९० साली गेले. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला, तो पाहायला ते नव्हते. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादाही नव्हती.

गरिबांसाठीच्या योजना पुष्कळ आल्या, पुढेही येतील. कुठलीही नवी योजना वाचली की मी एकच गोष्ट पाहतो : गरिबाने तिथे हात पसरून उभे राहायचे आहे, की हक्काने मागायचे आहे? ती पाहायची सवय मला पागे यांनी लावली.