डॉ. वकील, सर्पगंधा आणि हृदयाची जोडगोळी

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पेशंटच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी बरंच काही सांगून जाते. काही महिन्यांपूर्वी कल्याणहून आलेल्या एका निवृत्त काकांच्या पिशवीत अकरा स्ट्रिपा निघाल्या. त्यांना हार्ट फेल्युअर होतं. हृदय बंद पडलेलं नव्हतं, पण त्याची ताकद कमी झाली होती. इकोमध्ये पंपिंग तीस टक्के, स्टेशनचा पूल चढताना दम, संध्याकाळी पायांवर सूज. त्यांच्या डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली नवी गोळी सुरू केली होती आणि जुनी बीपीची गोळी बंद करायला कागदावर लिहून दिलं होतं. पण अर्धी उरलेली स्ट्रिप वाया घालवणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी दोन्ही घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ आणि जीभ सुजली, आवाज घोगरा झाला. मुलानं रिक्षात घालून तातडीनं आणलं, म्हणून निभावलं.

एका गोळीत दोन औषधं का घालतात आणि त्यात आपल्या मनानं तिसरं का घालायचं नाही, हे काकांना समजावताना मला एका मुंबईकर डॉक्टरांची आठवण झाली. रक्तदाबाच्या औषधांचा आधुनिक इतिहास ज्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही, ते डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं आणि मुंबईला परतून ते परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडले गेले. १९२६ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज यांच्यामागे एक जिद्द होती. इथले डॉक्टर आणि शिक्षक भारतीयच असावेत, या अटीवर देणगी मिळाली होती. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. हृदयरोग ही वेगळी शाखा म्हणून आपल्याकडे अजून रुजायची होती. वकील पुढे भारतातल्या आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले, ते याच वॉर्डांतल्या कामातून.

त्या काळी रक्तदाब मोजता येत होता, पण उतरवता येत नव्हता. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढलेला दाब शरीराला आवश्यकच आहे, असं मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा त्यांना हार्ट फेल्युअर झालेलं होतं. डिजिटॅलिस, विश्रांती, कमी मीठ, याच्या पलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचं बीपी ३००/१९० होतं. जगातल्या सर्वात शक्तिमान माणसाची ही गत, तिथे परळच्या गिरणी कामगाराचं काय?

आपल्याकडे मात्र एक मुळी शतकानुशतकं वापरात होती. सर्पगंधा. वेड, निद्रानाश, ताप, सर्पदंश, अशा अनेक तक्रारींवर वैद्य ती देत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते, असं लिहून ठेवलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्या मुळीतली काही रासायनिक द्रव्यं वेगळी केली. पण हे सगळं भारताच्या वैद्यकीय वर्तुळातच राहिलं. मुळीचा गुण सांगणारे पुष्कळ होते. तो आकड्यांत मांडून जगाला पटवणारा माणूस हवा होता.

ते काम वकील यांनी केलं. दहाएक वर्षं ते सर्पगंधेचा अनुभव घेत होते. मग त्यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. औषधाआधीचा दाब मोजला, मुळीच्या गोळ्या दिल्या, पुन्हा मोजला, नोंदी ठेवल्या, त्रास झाला तर तोही लिहिला. आज ही साधी गोष्ट वाटेल. पण रक्तदाब घटकेघटकेला बदलतो, डॉक्टरला पाहूनही वाढतो; त्यामुळे एका मापावर विश्वास ठेवून चालत नाही. बहुतेक रुग्णांचा दाब उतरला. १९४९ मध्ये त्यांचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि परळच्या वॉर्डातली नोंदवही जगभर पोहोचली.

बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला आणि भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून मुख्य द्रव्य वेगळं केलं. तेच रेसरपीन. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन साठलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयाचे ठोके वाढवतं. रेसरपीन तो साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचे सहमानकरी मनोविकारांवरच्या नव्या औषधांचे संशोधक होते, कारण तोवर रेसरपीन मनोरुग्णालयांतही पोहोचलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त अभिमानाची झाली असती. पण औषध म्हटलं की दुसरी बाजू आलीच. विल्किन्स यांच्या लक्षात आलं होतं की एकट्या सर्पगंधेचा जोर मध्यम आहे. दुसऱ्या औषधाच्या जोडीनं ती चांगलं काम करते. गुण यावा म्हणून काही डॉक्टरांनी डोस वाढवला, तेव्हा रुग्ण खिन्न होऊ लागले. वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी १९५४ मध्येच मोठ्या डोसनं येणाऱ्या नैराश्याबद्दल लिहिलं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं आहे. माझे वडील डोंबिवलीहून रोज लोकलनं नोकरीला जायचे. बीपीसाठी त्यांना रेसरपीन असलेली एकत्रित गोळी चालू होती. हळूहळू ते अबोल झाले. रविवारी पत्त्यांचा डाव मांडणारा माणूस गॅलरीत नुसता बसून राहू लागला. आईला वाटलं, वय झालं. मला वाटलं, माझ्या अभ्यासाला त्रास नको म्हणून गप्प असतात. दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीच्या तासाला रेसरपीनचे दुष्परिणाम फळ्यावर लिहिले गेले, तेव्हा मी वही मिटून घेतली. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही महिन्यांनी पत्ते पुन्हा निघाले. त्या गोळीनं वडिलांचं बीपी अनेक वर्षं सांभाळलं, हेही तितकंच खरं. कदाचित त्यामुळेच त्यांचं हृदय शाबूत राहिलं.

एकच औषध भरमसाट देण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोड्या थोड्या मात्रेत एकत्र द्यावीत, हा विचार याच अनुभवातून पक्का झाला. फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तीन औषधं एकत्र वापरली. मज्जातंतूंसाठी रेसरपीन, मीठ-पाणी बाहेर काढायला हायड्रोक्लोरोथायझाइड आणि रक्तवाहिन्या सैल करायला हायड्रॅलझिन. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फार वाढलेल्या बीपीचे १४३ पुरुष होते. नकली गोळी घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली. औषध घेणाऱ्या ७३ जणांपैकी फक्त दोघांना. १९७० मध्ये त्याहून कमी बीपी असलेल्या ३८० जणांचे निष्कर्ष आले. नकली गोळीच्या गटात ११ जणांना हार्ट फेल्युअर झालं, औषधाच्या गटात एकालाही नाही. बीपी उतरवलं तर हार्ट फेल्युअर टळतं, याचा हा ठोस पुरावा होता आणि त्यातल्या एका घटकाची वाट परळवरून गेली होती.

वकील मात्र एका मुळीत अडकून बसले नाहीत. हार्ट अटॅकच्या आधी काही दिवस येणाऱ्या सूचक छातीदुखीवर त्यांनी बारकाईनं काम केलं. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रुग्ण तपासण्याच्या कलेवर लिहिलेलं पुस्तक आमच्या पिढीतल्या अनेकांच्या उशाशी असायचं. नाडी कशी धरायची, सूज कुठे दाबून पाहायची, मानेतली शीर कशी बघायची, हे आम्ही त्यातून शिकलो. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचं जाडजूड पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये पहिल्यांदा निघालं, त्याचे संपादकही तेच. १९७४ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. हार्ट फेल्युअरवर आयुष्य वाढवणारी औषधं त्यानंतर आली.

त्यातली पहिली यशस्वी जोडी फ्रीस यांच्या हायड्रॅलझिनचीच होती. १९८६ मध्ये अमेरिकेच्या त्याच सैनिकी रुग्णालयांत हायड्रॅलझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट एकत्र दिल्यावर हार्ट फेल्युअरचे रुग्ण जास्त जगतात, असं दिसलं. आजही किडनीमुळे किंवा पोटॅशियममुळे इतर औषधं चालत नाहीत, तेव्हा आम्ही ही जोडी वापरतो.

आता काकांच्या नव्या गोळीकडे येऊ. तिच्यात सॅक्युबिट्रिल आणि वलसार्टान आहेत. हृदय अशक्त झालं की शरीराचा गैरसमज होतो. रक्त कमी पोहोचतंय म्हणजे कुठेतरी रक्तस्राव झालाय, असं समजून ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मीठ-पाणी साठवतं. यात अँजिओटेन्सिन नावाचं रसायन पुढे असतं. आधीच दमलेल्या बैलावर आणखी ओझं लादावं, तसा हा प्रकार. पण हृदयाकडे स्वतःचा उपायही आहे. ताण आला की ते मीठ-पाणी बाहेर टाकणारी संप्रेरकं सोडतं. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी हे दाखवून दिलं. अडचण अशी, की नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम कात्रीसारखं या संप्रेरकांचे तुकडे करतं.

सॅक्युबिट्रिल ही कात्री अडवतं. पण तीच कात्री अँजिओटेन्सिनचेही तुकडे करत असते. ती एकटी अडवली तर अपायकारक रसायनही वाढेल. म्हणून सोबत वलसार्टान हवं. ते अँजिओटेन्सिनला पेशीच्या दारातच थोपवतं. एक औषध चांगल्याला वाचवतं, दुसरं वाइटाला रोखतं. म्हणून ही खरी जोडगोळी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत तिची तुलना एनालाप्रिल या प्रस्थापित औषधाशी झाली. सुमारे सव्वादोन वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण १०० रुग्णांमागे साधारण २७ वरून २२ वर आलं. योगायोग असा, की ही गोळी बनवणारी नोव्हार्टिस ही बाझेलच्या त्या सीबाचीच वारसदार. आता अनेक भारतीय कंपन्याही ती बनवतात.

मग काकांचे ओठ का सुजले? त्यांची जुनी गोळी ‘प्रिल’ गटातली होती: एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे. ब्रॅडिकायनिन नावाचं सूज आणणारं रसायन या गोळ्यांमुळे शरीरात साचतं. नेप्रिलायसिनची कात्री त्याचाही निचरा करत असते. दोन्ही वाटा एकदम बंद केल्या की ते तुंबतं, आणि सूज घशात गेली तर श्वास अडकतो. म्हणून शेवटची ‘प्रिल’ आणि पहिली जोडगोळी यांत किमान ३६ तासांचं अंतर ठेवावंच लागतं. जोडगोळीत एक ‘सार्टान’ आहेच, म्हणून टेल्मिसार्टान, लोसार्टानसारखी दुसरी ‘सार्टान’ही सोबत नको.

ही गोळी घेणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. डोस सहसा दिवसातून दोनदा असतो आणि तो काही आठवड्यांच्या अंतरानं वाढवतात. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, सावकाश उठा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमच्या तपासण्या टाळू नका. गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्या किडनीवर ताण आणतात आणि पाणी साठवतात. लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, तेही विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवू नका. बरं वाटतंय, कारण ती चालू आहे.

काका आता बरे आहेत. पूल चढताना मध्ये एकदा थांबतात, एवढंच. नोंदवही ठेवायला सांगितली तेव्हा त्यांनी नातवाची जुनी दुरेघी वही काढली. तारीख, वजन, बीपी, काय त्रास झाला. गेल्या खेपेला ती चाळताना तिसऱ्या आठवड्यात बीपी खाली गेल्याची आणि चक्कर आल्याची नोंद दिसली, म्हणून पाण्याची गोळी कमी करता आली. वकीलसाहेबांनी ५० रुग्णांसाठी जे केलं, ते काका एका रुग्णासाठी करत आहेत.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरातल्या सगळ्या स्ट्रिपा बरोबर न्या, अगदी बंद केलेल्याही.